हृद्‌रोग आणि गर्भारपण

हृद्‌रोग असलेल्या स्त्रीचे गर्भारपण, प्रसूती व सूतिकावस्था सुखरूप पार पडावी यासाठी करावयाच्या वैद्यकीय व्यवस्थेचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. सरसकट मनाई सोडून प्रत्येक स्त्रीचा धोका स्वतंत्रपणे जोखण्याकडे वैद्यक कसे वळले, हा या इतिहासाचा गाभा होय.

गर्भारपणात रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयाला दर मिनिटास ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुढे ढकलावे लागते. निरोगी हृदय हा भार सहज पेलते. लहानपणी संधिज्वर (घसादुखीनंतर होणारा सांध्यांचा ताप) होऊन गेलेल्या स्त्रीत मात्र हृदयाच्या डाव्या भागातील द्विदल झडप आक्रसलेली असू शकते. नाडी जलद झाली की, अशा अरुंद झडपेतून रक्त पुढे जाण्यास वेळ अपुरा पडतो. मागे तुंबलेल्या रक्तामुळे फुप्फुसांत पाणी साचते व श्वास कोंडतो. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावून त्यातील रक्त एकदम हृदयाकडे परतते. त्यामुळे मूल जन्मल्यानंतरचे काही तासही तितकेच धोक्याचे असतात.

रने लेनेक या फ्रेंच वैद्यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचा शोध लावल्यानंतर झडपांचे दोष जिवंत रुग्णांत ओळखता येऊ लागले. एडिंबरो येथील आंगस मॅकडॉनल्ड यांनी १८७८ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी नोंदविलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया दगावल्या होत्या. त्याच सुमारास पॅरिसचे मीशेल पेटेर यांनी हृद्‌रोगी स्त्रीला विवाह, गर्भधारणा व स्तनपान या तिन्ही गोष्टींची क्रमाने मनाई करणारा दंडक घालून दिला आणि तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. त्या काळी नियमित प्रसूतिपूर्व तपासणी नव्हती. प्रकृती विकोपास गेलेल्या स्त्रियाच वैद्यांपुढे येत आणि विनासायास प्रसूत झालेल्यांची गणना होत नसे. शिवाय विवाह वा गर्भधारणा टाळणे ज्या स्त्रीच्या हाती नव्हते, तिच्यासाठी या दंडकात कोणताच उपाय नव्हता.

या मतास धक्का दिला तो सर जेम्स मॅकेन्झी यांनी. इंग्लंडमधील बर्नली या गिरणीगावात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत असताना त्यांची एक गर्भवती रुग्ण प्रसूतीच्या वेळी हृदय निकामी होऊन मरण पावली. अशा स्त्रियांचे पुढे काय होते, हे जाणण्यासाठी त्यांनी रुग्णांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि नाडीच्या आलेखनासाठी पॉलिग्राफ हे उपकरण तयार केले. हृदयात केवळ मर्मरध्वनी ऐकू येणे ही गंभीर बाब नसून श्रम पेलण्याची हृदयस्नायूची शक्ती किती उरली आहे हे महत्त्वाचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये रुग्णाच्या कार्यक्षमतेनुसार केलेले चार वर्ग याच दिशेने टाकलेले पाऊल होय. बॉस्टनमध्ये बर्टन हॅमिल्टन यांनी प्रसूतिगृहातच हृद्‌रोगी गर्भवतींची नियमित तपासणी सुरू केली. विश्रांती, मिठाचे नियंत्रण, डिजिटॅलिस आणि संसर्गावर त्वरित उपचार या साध्या उपायांनी, शस्त्रक्रिया उपलब्ध होण्यापूर्वीच, मृत्यूचे प्रमाण बरेच घटले.

अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्कन आणि इंग्लंडमध्ये रसेल ब्रॉक यांनी १९४८ मध्ये आक्रसलेली द्विदल झडप शस्त्रक्रियेने मोकळी केली. पुढील चार-पाच वर्षांतच ही शस्त्रक्रिया गर्भवतींवरही होऊ लागली. जपानचे कांजी इनोऊए यांनी १९८० नंतरच्या दशकात, नळीतून फुगा नेऊन झडप रुंद करण्याची पद्धती प्रचारात आणली; तीमुळे छाती उघडण्याची गरज पुष्कळ अंशी उरली नाही.

नव्या उपचारांनी नवे प्रश्नही निर्माण केले. कृत्रिम धातुमय झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देण्यात येणारे वॉर्फरिन हे औषध वारेतून गर्भापर्यंत पोहोचते व आरंभीच्या महिन्यांत त्यात व्यंग निर्माण करू शकते. हेपारिन वार ओलांडत नाही, परंतु झडपेचे रक्षण त्याने कमी खात्रीने होते. तसेच फुप्फुस-रोहिणीतील अतिरक्तदाब, तीव्र झडपसंकोच व अत्यंत दुर्बल हृदयस्नायू असलेल्या स्त्रियांना गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला आजही देण्यात येतो. मातेच्या जिवास धोका असल्यास गर्भपातास भारतात १९७१ च्या कायद्याने मुभा दिली.

पाश्चात्त्य देशांत आता जन्मजात हृद्‌दोषांवर बालपणी शस्त्रक्रिया झालेल्या मातांची संख्या मोठी आहे. भारतात मात्र संधिज्वराने झडप बिघडलेल्या स्त्रियाच अधिक आढळतात. धाप लागणे व पायांवर सूज येणे ही लक्षणे निरोगी गर्भवतीतही दिसत असल्याने रोगाकडे दुर्लक्ष होते आणि पुष्कळ स्त्रियांत तो गर्भारपणातच प्रथम उघडकीस येतो. म्हणून पहिल्याच प्रसूतिपूर्व तपासणीत स्टेथॉस्कोपने हृदय काळजीपूर्वक तपासणे, हृद्‌रोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ यांनी एकत्र देखरेख ठेवणे आणि प्रसूतीनंतर संततिनियमनाचा सल्ला देणे आवश्यक ठरते. मुलामुलींच्या घसादुखीवर वेळीच उपचार करणे आणि संधिज्वर झालेल्यांना पेनिसिलिनची अंतःक्षेपणे नियमितपणे देणे, हा यावरील मूळ प्रतिबंधक उपाय होय.