जोडी जमली, तर सूर जमेल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या तबकड्या ऐकण्याचा नाद असलेल्या मंडळींत माझी बरीच वर्षे गेली. या मंडळींकडून मला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच. कुणी हौसेने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेतलेला असतो, कुणाला वडिलांचा रेडिओग्राम माळ्यावर सापडलेला असतो. त्याला नवे स्पीकर जोडून होतात, पण आवाज काही मनासारखा येत नाही. खर्ज घुमतो, तबला थपथप वाजतो, गाणाऱ्याचा आवाज दबल्यासारखा वाटतो. मग विचारणा होते, ‘‘सर, केबल कुठली घेऊ?’’ दुकानदाराने तोवर कित्येक हजारांची एखादी तार दाखवलेली असते. मी त्यांना उलट विचारतो, ‘‘ॲम्प्लिफायर किती वॉटचा आहे? आणि स्पीकर कुठला?’’ याचे उत्तर फार थोड्यांकडे असते.

ॲम्प्लिफायर, तार आणि स्पीकर या तिघांचे जमवायचे कसे, या प्रश्नावर जगातल्या हुशार माणसांनी शंभर वर्षे डोके चालवले आहे. तो इतिहास आपण विसरलो. त्यामुळे चांगली यंत्रे भंगारात जातात आणि पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होतो. म्हणून आज थोडे त्याविषयी.

या कथेची सुरुवात संगीतात नाही, टेलिफोनमध्ये आहे. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली त्यात तिसरे अग्र घातले आणि दुबळ्या विद्युत संदेशाला बळ देणारे साधन माणसाच्या हाती आले. त्याची सर्वांत मोठी गरज टेलिफोन कंपनीला होती, कारण तारेतून जाताना आवाज क्षीण होत होत नाहीसा व्हायचा. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे टेलिफोनने जोडली गेली. अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. वाटेत ठिकठिकाणी व्हॉल्व्हची यंत्रे बसवून दमलेल्या आवाजाला पुन्हा उभे केले जात होते.

या कामात इंजिनिअर लोकांना एक धडा मिळाला. तारेचा आणि यंत्राचा ‘इम्पिडन्स’ जुळला नाही, तर आवाज पुढे जाण्याऐवजी काही अंशी मागे फिरतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकाने १८८६ साली हा शब्द रूढ केला. तो ओहममध्ये मोजतात. आपल्या स्पीकरच्या पाठीमागे ‘८ ओहम’ लिहिलेले असते, ते हेच.

टेलिफोनचा हा धडा घरच्या तारेला मात्र जसाच्या तसा लागू होत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या सर्वांत उंच आवाजाची विद्युत लहरसुद्धा तारेत सुमारे दहा किलोमीटर लांब असते. हजारो किलोमीटरच्या लाइनमध्ये ती मागे फिरते आणि त्रास देते. दिवाणखान्यातल्या पाच मीटर तारेत तिला मागे फिरायला जागाच नसते. तारांच्या जाहिरातींत या जुन्या टेलिफोनविद्येतले शब्द मोठ्या दिमाखात येतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

दुसरा मोठा शोधही टेलिफोनवाल्यांचाच. एका ॲम्प्लिफायरने आवाजात केलेला किंचित बिघाड पुढच्या ॲम्प्लिफायरमध्ये वाढत जायचा. हॅरल्ड ब्लॅक हे बेल प्रयोगशाळेतले तरुण इंजिनिअर यावर कित्येक वर्षे विचार करीत होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना त्यांना उत्तर सुचले आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी ते मांडले. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत आणायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. ताकद कमी होते, पण चूक आपोआप खोडली जाते. याला ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. पेटंट मिळायला त्यांना नऊ वर्षे वाट पाहावी लागली. या युक्तीचा आणखी एक परिणाम असा, की ॲम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड घट्ट होते. ही पकड आपल्याला पुढे लागणार आहे.

आता स्पीकरकडे येऊ. आज घरोघरी असतो तो हलणाऱ्या कॉइलचा आणि कागदी शंकूचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली व्यवहारात आणला. पुढच्याच वर्षी तो बाजारात आला तेव्हा त्याचा ॲम्प्लिफायर त्याच पेटीत बसवलेला होता. म्हणजे स्पीकर जन्मला तोच जोडीदारासह.

ही जोडी जमवणे सोपे नव्हते. व्हॉल्व्हचा स्वभाव असा, की दाब भरपूर, प्रवाह बेताचा. स्पीकरच्या कॉइलला नेमके उलटे हवे असते, दाब थोडा आणि प्रवाह मुबलक. व्हॉल्व्हला समोर ५,००० ओहमचे ओझे हवे आणि स्पीकर तर ८ ओहमचा. या दोघांत मध्यस्थी करतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ५,००० ला ८ ने भागले की ६२५ येतात, त्याचे वर्गमूळ २५. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला दुसरीच्या २५ पट वेढे घ्यायचे. सायकलचा गिअर चढावर पाय आणि चाक यांचे जमवून देतो, तसेच हे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे वजन उचलताना कंबर धरते ती याच लोखंड-तांब्यामुळे, आणि त्याचा दर्जाही बराचसा त्यातच असतो.

त्या काळातले ॲम्प्लिफायर मोजक्या वॉटचे असत. मग चित्रपटगृहे कशी भरत? मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, तेव्हा जगभर सगळीकडे व्हॉल्व्हच होते. वॉट थोडे असल्यामुळे कर्णे थोर लागत. माणूसभर उंचीचा कर्णा एका वॉटमध्येही मोठा आवाज देतो. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ‘३००-बी’ हा व्हॉल्व्ह १९३८ साली आला. एकटा असेल तर तो जेमतेम आठ वॉट देतो. आजचे हौशी लोक त्याच्यासाठी जीव टाकतात आणि मग त्याला फळीवर मावणारा चिमुकला स्पीकर जोडून तक्रार करतात. ज्याच्यासाठी तो ओळखला गेला, त्या मोठ्या कर्ण्याची त्यांना आठवण नसते.

घरगुती संगीतासाठी ही विद्या पिकली ती महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये. डी. टी. एन. विल्यमसन यांनी एप्रिल आणि मे १९४७ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका ॲम्प्लिफायरची संपूर्ण मांडणी छापली. १५ वॉट ताकद आणि आवाजातला बिघाड हजारात एका भागाहून कमी. त्यात ब्लॅक यांची युक्ती होती आणि त्या युक्तीच्या कक्षेत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेतला होता. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. वॉर्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, जवळजवळ तीन हजार श्रोत्यांच्या सभागृहात, प्रत्यक्ष वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐकवण्याचा प्रयोग केला. स्पीकर ब्रिग्ज यांचे आणि ॲम्प्लिफायरच्या बाजूला ‘क्वाड’चे पीटर वॉकर. दोन वेगळ्या कारखान्यांची माणसे, पण एकमेकांचा माल ओळखून काम करणारी. वॉकर यांनी १९५७ साली पातळ पडद्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विक्रीला आणला. त्याचा इम्पिडन्स एका टोकाला दोन ओहमच्याही खाली जातो. जोडीला त्यांचा स्वतःचा १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर होता. त्याच स्पीकरला पुढे जास्त ताकदीचे ॲम्प्लिफायर लावणाऱ्यांना पडद्याची काळजी घ्यावी लागली. जास्त वॉट म्हणजे जास्त चांगले, हे खरे नव्हे.

तारेचा धडा मात्र मला वाटते आपल्याकडच्या लाउडस्पीकरवाल्यांनी अधिक चांगला गिरवला. गणपतीचा मंडप, गावची जत्रा, मैदानावरची सभा. ॲम्प्लिफायर एका टोकाला आणि भोंगा शंभर मीटरवर. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर जाऊन-येऊन दोनशे मीटरचा रोध सुमारे ७ ओहम होतो. भोंगा ८ ओहमचा असेल, तर जवळपास निम्मी ताकद तारेतच संपली. म्हणून ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ‘१०० व्होल्ट’ असे टोक असते. त्यातून दाब चढवून पाठवायचा आणि भोंग्याजवळच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरने पुन्हा उतरवायचा. ४० वॉटसाठी ते ओझे २५० ओहमचे होते आणि त्याच तारेत नुकसान शेकडा तीनपेक्षाही कमी. कोयनेची वीज मुंबईकडे उच्च दाबाने आणतात, त्यामागचे गणित हेच. महागडी तार न घेता लाउडस्पीकरवाल्याने जोडणी बदलून प्रश्न सोडवला.

मग बिघडले कुठे? एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत हवाबंद पेटीचा छोटा स्पीकर आणला. एवढ्याशा पेटीतून इतका खोल खर्ज पूर्वी कुणी ऐकला नव्हता. मात्र त्याची किंमत वॉटमध्ये मोजावी लागे. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि वॉट स्वस्त झाले. स्पीकरची संवेदनक्षमता १० डेसिबलने घटली, की तेवढ्याच आवाजाला दहापट ताकद लागते. ८ वॉटचे काम करायला ८० वॉट. ट्रान्झिस्टरला ते जड नव्हते. शिवाय त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागेना आणि त्याची स्पीकरवरची पकड फार घट्ट. स्पीकर बनवणाऱ्यांनी ही पकड गृहीत धरून स्पीकर बनवायला सुरुवात केली. ग्राहकाला जोडीचा विचार करण्याचे कारण उरले नाही. ज्याने त्याने आपापला डबा विकला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तार हीही स्वतंत्र विकण्याची वस्तू झाली. तोवर साधी दिव्याची वायर चालत असे. जाड तारेचा आग्रह योग्यच होता. पण त्या काळात काही विणलेल्या तारा अशाही निघाल्या, की त्यांच्या विद्युतधारकतेमुळे काही ॲम्प्लिफायर भडकून निकामी झाले. तारेने आवाज सुधारण्याऐवजी यंत्रच गेले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. फीडबॅक नसलेल्या साध्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम असतो. घरच्या वायरिंगला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरासाठी घेतली, तर जाऊन-येऊन रोध होतो ०.०७ ओहम, ॲम्प्लिफायरच्या रोधाचा तिसावा हिस्साही नाही. आणि ‘८ ओहम’चा स्पीकर सगळ्या स्वरांना ८ ओहमचा नसतो. खर्जातल्या एखाद्या ठिकाणी तो ४० ओहमवरही जातो. तिथे अशा ॲम्प्लिफायरची पकड ढिली पडते आणि आवाज जवळजवळ दोन डेसिबलने फुगतो. तुमचा खर्ज घुमतो तो यामुळे. हा दोष हजारोंची तार घेऊन जात नाही, कारण तो तारेत नाहीच.

म्हणून जुने यंत्र विकण्याआधी किंवा नवी तार घेण्याआधी क्रमाने काही गोष्टी पाहा. आधी स्पीकर: तो एका वॉटला किती डेसिबल देतो? थोड्या वॉटच्या व्हॉल्व्हला ९० च्या वरचा शोधा. मग त्याचा इम्पिडन्स किती खाली-वर होतो ते पाहा. मग ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकर ४, ८, १६ ओहमच्या टोकांपैकी शेजारच्या टोकाला जोडून ऐका. याला पैसे पडत नाहीत आणि फरक कित्येकदा तारेच्या फरकाहून ठळक असतो. तार शेवटी, तांब्याची, पुरेशी जाड आणि गरजेपुरती लांब. तिचा रोध स्पीकरच्या शेकडा पाचाच्या आत असला की झाले.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय कधी वाजवू नका. ओझे नसले की दाब उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि माळ्यावरचा रेडिओग्राम थेट प्लगमध्ये घालू नका. त्यात शेकडो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही काळ राहतात. व्हॉल्व्हचे काम केलेला कारागीर गाठा. अशी माणसे आता थोडी आहेत, पण आहेत. नवे व्हॉल्व्हही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तबकडीत जे मुद्रित झाले आहे, ते बहुतेक वेळा आपल्या समजुतीपेक्षा अधिक असते. गवयाचा श्वास, तंबोऱ्याची जवारी, सारंगीच्या गजाची किरकीर हे सारे त्या खाचेत आहे. ते बाहेर काढायचे, तर कुठल्या एका वस्तूवर पैसे उधळण्यापेक्षा तिघांचे एकमेकांशी पटते का, हे आधी पाहा.