दिनविशेष, १६ मार्च : हडसनकाठचा चारबाग

न्यूयॉर्कचे नामांकित वकील सॅम्युअल अंटरमायर यांचे १९४० मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. १९१२ मध्ये जे. पी. मॉर्गनसारख्या बँकिंगमधल्या बड्या धेंडाची भर संसदीय चौकशीत उलटतपासणी घेणारा हा माणूस फुलांपुढे मात्र पुरता विरघळे. कोटावर रोज ताजे ऑर्किड हवेच!

यॉन्कर्सला हडसन नदीवरच्या टेकडीवरील ‘ग्रेस्टोन’ ही हवेली त्यांनी १८९९ मध्ये घेतली. १९१६ मध्ये वास्तुरचनाकार वेल्स बॉसवर्थ यांना कामाला लावले. फर्मान एकच : जगात अशी बाग दुसरी नसावी. मग सगळी सरमिसळ झाली. तटबंदीच्या आत इराणी धाटणीचा चारबाग (चार भागांची बाग), पाण्याचे सरळ पाट, टोकाला जोडखांबांवर बसवलेले शिल्पकार पॉल मॅनशिपचे स्फिंक्स आणि शेजारी बिनछपराचे ग्रीक मंदिर. ताजमहाल पाहिलेल्याला पाट ओळखीचे वाटतील. स्फिंक्स तिथे काय करतात, हे मात्र अंटरमायरच जाणोत. तिथून लांबलचक पायऱ्या नदीकडे उतरतात. बाजूच्या टप्प्याटप्प्यांवर एकेका रंगाच्या फुलांचे वाफे होते. तळाशी उभ्या दोन प्राचीन रोमन खांबांमधून हडसन आणि पलीकडचे कडे दिसतात.

काचघरे ६०, माळीही ६०! हा डामडौलच पुढे नडला. बाग जनतेला द्यायची त्यांची इच्छा होती, पण देखभालीच्या पैशांवर घोडे अडले. अखेर १९४६ मध्ये यॉन्कर्स शहराने काही भाग ताब्यात घेतला, बऱ्याच भागात रान माजले. २०११ पासून तिचा जीर्णोद्धार सुरू आहे.