चिन्हकाधारित निवड, स्वपरागित पिकांतील

चिन्हकाधारित निवड, स्वपरागित पिकांतील : वनस्पतीचे लक्षण प्रत्यक्ष प्रकट होण्याची वाट न पाहता, त्या लक्षणाच्या जनुकालगत गुणसूत्रावर असलेल्या ओळखखुणेवरून (चिन्हकावरून) इष्ट रोपे निवडण्याची पद्धत. जनुक व चिन्हक जितके जवळ, तितके ते पुढील पिढीत एकत्र जाण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे पानाच्या लहानशा तुकड्यातील डीएनए तपासून रोपावस्थेतच निवड करता येते. जनुकाच्या दोन्ही बाजूंची चिन्हके तपासल्यास चूक होण्याचा संभव आणखी कमी होतो.

भात, गहू, सोयाबीन, हरभरा, टोमॅटो इ. पिके मुख्यत्वे स्वपरागित आहेत. अशा पिकांत संकरानंतर दर पिढीस विषमयुग्मजी (दोन जनकांकडून भिन्न जनुकरूपे मिळालेल्या) स्थानांचे प्रमाण निम्मे होते. दुसऱ्या पिढीत ते ५०%, तर सहाव्या पिढीत सुमारे ३% असते. म्हणून आरंभीच्या पिढीत योग्य रोप हेरले, तर त्याचे गुण पुढे स्थिर वाणात टिकवता येतात. हेरण्यात चूक झाली, तर अनेक वर्षांचे श्रम वाया जातात.

इतिहास : डॅनिश शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरील प्रयोगांतून विशुद्ध वंशाची कल्पना मांडली. एका विशुद्ध वंशातील बियांच्या आकारातील फरक परिस्थितीजन्य असतात व त्यांवर आधारलेली निवड निष्फळ ठरते, असे त्यांनी दाखविले. केवळ डोळ्यांनी केलेल्या निवडीची मर्यादा यातून स्पष्ट झाली. १९२३ मध्ये कार्ल सॅक्स यांना घेवड्यातच बियांच्या सालीचा रंग व बियांचे वजन यांत आनुवंशिक संबंध आढळला. सहज दिसणाऱ्या गुणावरून मोजण्यास कठीण अशा गुणाचा माग काढण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. मात्र अशी दृश्य चिन्हके फार थोडी होती.

१९७४ मध्ये चार्ल्स रिक व त्यांचे सहकारी यांनी टोमॅटोतील सूत्रकृमी-प्रतिकारक जनुक हे आम्लधर्मी फॉस्फेटेज एंझाइमाच्या एका प्रकाराशी संलग्न असल्याचे दाखविले. त्यामुळे मुळांवर कृमी सोडून गाठी मोजण्याऐवजी एंझाइमाची चाचणी पुरेशी ठरू लागली. १९८० मध्ये डेव्हिड बॉटस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए खंडांच्या लांबीतील फरकांवरून आनुवंशिक नकाशा तयार करण्याची रीत सुचविली. १९८८ मध्ये टोमॅटोच्या फळांचे वजन व त्यांतील विद्राव्य घन पदार्थ यांसारख्या अनेकजनुकीय गुणांची स्थाने अशा नकाशावर दाखविण्यात आली. त्याच वर्षी भाताचाही नकाशा प्रसिद्ध झाला. पुढे पॉलिमरेज शृंखला विक्रियेमुळे अत्यल्प डीएनएवरून चाचणी करणे शक्य झाले व ही पद्धत प्रजनन केंद्रांच्या आवाक्यात आली.

भातातील उपयोग : जिवाणूजन्य कडा करपा या रोगाविरुद्ध या पद्धतीचे वैशिष्ट्य उत्तम दिसून येते. आफ्रिकेतील ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा या रानटी जातीतून मिळालेले एक्सए–२१ हे जनुक प्रभावी आहे. एक्सए–५ व एक्सए–१३ ही अप्रभावी आहेत. अप्रभावी जनुक विषमयुग्मजी रोपात असूनही रोगचाचणीत दिसत नाही. तसेच एक्सए–२१ असलेल्या रोपात इतर प्रतिकारक जनुके आहेत की नाहीत, हे रोगाच्या लक्षणांवरून कळत नाही. चिन्हकांनी मात्र तिन्ही जनुके स्वतंत्रपणे ओळखता येतात. भारतात अशा रीतीने ‘सुधारित पुसा बासमती–१’ (२००७) आणि हैदराबाद येथील संस्थांनी सिद्ध केलेला ‘सुधारित सांबा महसुरी’ (२००८) हे वाण प्रसारित झाले. दोहोंत मूळ वाणाचा दाण्याचा दर्जा राखण्यात आला.

दुसरे उदाहरण पूर सहन करणाऱ्या भाताचे आहे. सामान्य भाताचे रोप पाण्याखाली गेल्यावर वर येण्यासाठी झपाट्याने उंच वाढते व त्यातच साठविलेली कर्बोदके संपून मरते. ओडिशातील स्थानिक भातापासून निवडलेला एफआर–१३ए हा वाण वाढ रोखून धरतो व सुमारे दोन आठवडे तग धरतो. त्याच्याशी नेहमीच्या पद्धतीने संकर करून सहनशील वाण मिळाले. परंतु त्यांत शेतकऱ्यांना हवे असलेले दाण्याचे गुण व उत्पादन नसल्याने ते रुजले नाहीत. १९९६ मध्ये सब–१ हे स्थान नवव्या गुणसूत्रावर निश्चित झाले व २००६ मध्ये त्यातील मुख्य जनुक ओळखले गेले. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत चिन्हकांच्या साहाय्याने ते पूर्व भारतात लोकप्रिय असलेल्या ‘स्वर्णा’ वाणात आणण्यात आले. मूळ वाणाशी वारंवार संकर केल्यास त्याचा सरासरी वाटा अनुक्रमे ७५, ८७·५ व ९३·७५% होतो. परंतु प्रत्येक रोप सरासरीइतकेच नसते. उर्वरित गुणसूत्रांवरील चिन्हके तपासून सरासरीच्या पुढे गेलेली रोपे निवडल्याने काही पिढ्या वाचल्या. ‘स्वर्णा–सब–१’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. ओडिशातील क्षेत्रीय प्रयोगांत (२०१३ मध्ये प्रसिद्ध) असे दिसून आले की, पूरप्रवण सखल जमिनी अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे अधिक प्रमाणात असल्याने या वाणाचा लाभ त्यांना विशेष होतो.

मर्यादा : या पद्धतीत दुसऱ्या जीवातील जनुक कृत्रिमरीत्या घातले जात नाही, संकर नेहमीचाच असतो, फक्त निवडीचे साधन बदलते. एक वा थोड्या प्रमुख जनुकांवर अवलंबून असलेल्या गुणांत तिला मोठे यश मिळाले. उत्पादनासारखे गुण अल्प परिणामाच्या असंख्य जनुकांवर अवलंबून असल्याने त्यांबाबत ती अपुरी पडते. त्यासाठी सर्व गुणसूत्रांवरील चिन्हकांचा एकत्रित हिशेब करून रोपाचे प्रजननमूल्य काढण्याची पद्धत २००१ मध्ये मांडण्यात आली. तथापि कोणतेही चिन्हक शेतातील चाचणीची जागा घेऊ शकत नाही. तसेच एफआर–१३एसारखे स्थानिक वाण जतन केले नसते, तर शोधण्याजोगे जनुकच उरले नसते.