सॅक अर्ध्या किलोची, पाणी पाच किलोचं: बिनफ्रेमची हलकी सॅक घेण्याआधी हे गणित करा

शनिवारी पहाटे बदलापूर स्टेशनवर कर्जतकडे जाणाऱ्या लोकलची वाट बघणारी ट्रेकर मंडळी ओळखायला अवघड नसतात. बहुतेकांच्या पाठीवर पन्नास-साठ लिटरची, डोक्याच्याही वर जाणारी भली मोठी सॅक असते. अलीकडे मात्र अधूनमधून एखाद्याच्या पाठीवर वेगळंच प्रकरण दिसतं. शाळेच्या दप्तरापेक्षा थोडी मोठी, वरून गुंडाळून बंद केलेली, पाठीकडून अगदी मऊ असलेली पिशवी. तिला म्हणतात फ्रेमलेस अल्ट्रालाइट बॅकपॅक, म्हणजे बिनफ्रेमची हलकी सॅक.

सोशल मीडियावर परदेशी ट्रेकर्सचे व्हिडिओ बघून ही सॅक घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण ती सह्याद्रीत चालते का? चालते, आणि काही ठिकाणी अमेरिकेपेक्षाही चांगली चालते. अट एकच आहे, ती म्हणजे पाण्याचं वजन आधी मोजायचं.

फ्रेम नेमकं काय करते?

नेहमीच्या मोठ्या सॅकमध्ये पाठीच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, सळ्या किंवा प्लास्टिकचा कडक पत्रा असतो. सॅकमधलं वजन खांद्यांवरून उचलून कमरेच्या हाडांवर टाकणं हे त्याचं काम. कमरपट्टा आवळला की ओझ्याचा मोठा भाग कमर आणि पाय पेलतात, खांदे फक्त सॅक पाठीला धरून ठेवतात. या सोयीची किंमत म्हणजे सॅकचं स्वतःचं वजन. अशी रिकामी सॅकच दीड ते दोन किलोची असते.

बिनफ्रेमच्या सॅकमधून हा सांगाडा काढून टाकलेला असतो. त्यामुळे ती साधारण तीनशे ते सातशे ग्रॅममध्ये बसते. पण सांगाडा नाही म्हणजे वजन कमरेवर नेणारं कोणी नाही. काही बिनफ्रेम सॅकना कमरपट्टा असतो आणि तो बघून लोक फसतात. सॅकमध्ये वजन जास्त असेल तर पट्टा कितीही आवळला तरी मधलं कापड दुमडतं, सॅक खाली बसते आणि ओझं पुन्हा खांद्यांवर येतं. पट्टा तिथे असतो तो मुख्यतः सॅक हलू नये म्हणून.

म्हणून या सॅकला मर्यादा आहे. खाणं आणि पाणी धरून एकूण वजन नऊ किलोच्या आत असेल, तर ती आरामात पेलते. कमरपट्टाच नसेल तर पाच-सहा किलोच्या पुढे जाऊ नये. त्यापुढे खांद्याचे पट्टे रुततात, मान आखडते, हाताला मुंग्या येतात. उतरणीवर सॅक डोलायला लागली तर तोलही जातो.

ही कल्पना आली कुठून?

१९५५ साली एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाई अमेरिकेतली अ‍ॅपलाशियन ट्रेल एकट्याने चालल्या. अंतर होतं सुमारे ३,३०० किलोमीटर. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे साधे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नव्हताच. (जीन्सच्या शिलाईसाठी नाव असलेलं उल्हासनगर बदलापूरच्या शेजारीच आहे, हा आपला योगायोग.) पुढे नव्वदच्या दशकात रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकाने घरी शिवलेल्या हलक्या सॅक आणि कमी सामानाचा विचार पुस्तकांतून मांडला, आणि त्यातून अल्ट्रालाइट ही पद्धत रूढ झाली. खाणं, पाणी आणि इंधन सोडून बाकी सगळं सामान साडेचार किलोच्या आत असेल तर त्याला अल्ट्रालाइट म्हणायचं, असा ढोबळ नियमही पडला.

मराठी माणसाला यात फार नवं वाटू नये. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारा वारकरी मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाकतो आणि खांद्यावर एखादी पिशवी ठेवतो. नर्मदा परिक्रमा तर त्याहून जवळचं उदाहरण. नदीची लांबीच १,३१२ किलोमीटर, आणि पायी परिक्रमा म्हणजे दोन्ही काठ चालायचे. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी लोक ती करतात. सदाव्रतात शिधा मिळतो, मुक्कामाला आश्रम किंवा देऊळ असतं, पाणी वाटेत मिळत राहतं. पाठीवर उरतं ते अंथरूण-पांघरूण, दोन कपडे आणि पूजेचं थोडं साहित्य. बिनफ्रेमच्या सॅकसाठी याहून योग्य चाल शोधून सापडणार नाही. फक्त हिवाळ्यात अमरकंटकच्या बाजूला थंडी कडक असते. तिथे जाड ब्लँकेट सॅकमध्ये कोंबण्यापेक्षा हलकी स्लीपिंग बॅग बरी.

आता गणित

कात्रपमधून निघणाऱ्याला कर्जतच्या दिशेने वांगणी, नेरळ, भिवपुरी रोड ही स्टेशनं मिळतात. चंदेरी, पेब, माथेरानच्या वाटा याच पट्ट्यात आहेत. कर्जतला उतरून कोंडिवडे, कोंडाणे लेणी मार्गे राजमाचीला जाता येतं. हाच राजमाचीचा दोन दिवसांचा ट्रेक डिसेंबरमध्ये करायचा असेल तर सामान साधारण असं होतं: सॅक अर्धा किलो, हलकी स्लीपिंग बॅग ९०० ग्रॅम, कॅरीमॅट ३०० ग्रॅम, जॅकेट आणि जादाचे कपडे ८०० ग्रॅम, टॉर्च, पॉवर बँक, औषधं वगैरे ५०० ग्रॅम. झाले तीन किलो. त्यात सुका खाऊ ६०० ग्रॅम आणि दोन लिटर पाणी मिळवलं की एकूण ५.६ किलो. जेवण आणि मुक्काम गडाच्या पायथ्याच्या उधेवाडीत एखाद्या घरी होतो. तंबू नको, स्टोव्ह नको. परदेशी ट्रेकरला जे सामान कमी करायला हजारो रुपयांची महागडी वस्तू घ्यावी लागते, ते इथे पिठलं-भाकरीवर भागतं.

तोच माणूस एप्रिलमध्ये कुठल्याशा कोरड्या पठारावर तंबू ठोकायला निघाला तर? वरचे तीन किलो तसेच. तंबूतला त्याचा वाटा १.२ किलो, स्टोव्ह-गॅस-भांडी ८०० ग्रॅम, शिधा एक किलो. हे सहा किलो झाले, म्हणजे अजून ठीक. पण वाटेतली टाकी आटलेली असतील तर पाणी पाच लिटर न्यावं लागतं, आणि एक लिटर म्हणजे बरोबर एक किलो. एकूण अकरा किलो. बिनफ्रेमच्या सॅकचं काम इथे संपलं.

अशा वेळी सर्वांत वाईट उपाय म्हणजे सॅक हलकी राहावी म्हणून पाणी कमी घेणं. उन्हाळ्यात उघड्या कातळावर दुपारी चढताना पाणी संपलं की उष्माघात व्हायला वेळ लागत नाही आणि तिथे मदत पोहोचायला तासन्‌तास जातात. फ्रेमची सॅक घ्यावी, गटात वजन वाटून घ्यावं, पहाटे लवकर निघावं किंवा ज्या गडावर पाण्याची खात्री आहे तिथे मुक्काम ठेवावा. टाक्यात पाणी आहे का, हे इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवरून ठरवू नये. पायथ्याच्या गावात आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

पावसाळ्यात पाण्याचा प्रश्न सुटतो, पण ओल्या कपड्यांचं आणि भिजलेल्या सॅकचं वजन वाढतं. तरीही पन्हाळा ते पावनखिंड यासारख्या आयोजित मोहिमांत जेवण-मुक्कामाची सोय असते, तिथे ही सॅक उत्तम.

यातून खरेदीचा क्रम ठरतो: आधी सामान कमी करायचं, मग त्याचं वजन करायचं आणि सॅक सर्वांत शेवटी घ्यायची. बहुतेक जण उलट करतात. हलकी सॅक आणतात आणि जुनंच बारा किलोचं सामान तिच्यात भरतात. मग दोष सॅकला देतात. वजनासाठी वेगळं काही लागत नाही. घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग सॅक पाठीवर घेऊन, आणि वजाबाकी करायची.

घेताना काय बघायचं

आकार तीस ते चाळीस लिटर पुरे. त्याहून मोठी घेतली की रिकामी जागा भरायचा मोह होतो. पाठीचं माप उंचीवरून ठरत नाही. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत मणक्यावरून टेप लावायची. सॅकची पाठ त्या मापाची हवी. दुकानात रिकामी सॅक घालून बघण्यात अर्थ नाही, सहा-सात किलो भरून दहा-पंधरा मिनिटं फिरावं. बाजूने फोटो काढायला सांगितला की पट्टा खांद्याला चिकटून बसतो की मध्ये फट पडते, ते लगेच कळतं.

कापडाच्या बाबतीत मात्र परदेशी सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. अगदी तलम सिलनायलॉन तिकडच्या रुंद, साफ वाटांवर टिकतं. इथे करवंदीच्या जाळ्या आहेत, पावसानंतर वाट झाकून टाकणारी कारवी आहे आणि चंदेरीसारख्या घसाऱ्याच्या वाटेवर बसून, सरपटत उतरावं लागतं. कापडाची जाडी डेनियरमध्ये मोजतात. अंगाला शंभरच्या आसपास आणि तळाला दोनशेच्या पुढे डेनियर असेल तर शंभरेक ग्रॅम वजन वाढेल, पण सॅक दोन पावसाळे जास्त चालेल. डायनीमा नावाचं कापड फार हलकं आणि जलरोधक असतं, पण महाग, आणि त्याचा पातळ प्रकार खडकावर घासला की लवकर झिजतो. बाहेरचा जाळीचा खिसा पाणी निथळायला सोयीचा, पण काटेरी वाटेवर सर्वांत आधी तोच फाटतो. खांद्याचे पट्टे जिथे सॅकला जोडलेले असतात तिथली शिलाई नीट तपासावी. तिथे दुहेरी-तिहेरी टाके नसतील तर बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून मारून घ्यावेत.

भरण्याची पद्धत

फ्रेमच्या सॅकमध्ये सामान कसंही टाकलं तरी सांगाडा सांभाळून घेतो. इथे सामानच सांगाडा असतं. जुन्या काळी प्रवासाला निघताना वळकटी घट्ट बांधायचे, तेच तत्त्व.

सॅकमध्ये सर्वांत आधी एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी उघडून ठेवायची. बाहेरून घालायचं रेनकव्हर सह्याद्रीच्या आडव्या पावसात पुरत नाही, पाणी पाठीकडून आत जातं. मग कॅरीमॅटची घडी घालून ती पाठीच्या बाजूला सपाट लावायची. तिची जाडी पाठीला आधार देते आणि बाटलीचं टोक मणक्याला टोचत नाही. मॅटची गुंडाळी करून तिच्या पोकळीत सामान भरणारेही आहेत. त्याने सॅक ताठ होते, पण ढोलकीसारखी गोल होऊन पाठीला एकाच ठिकाणी टेकते. घडीच बरी.

तळाला स्लीपिंग बॅग, तिच्या वेगळ्या पिशवीत न कोंबता मोकळीच. म्हणजे ती कोपरे भरून काढते. तिच्यावर, पाठीला लागून, खाणं आणि जादा पाणी. जड वस्तू पाठीपासून जितकी दूर, तितकी ती मागे ओढते. कपडे पुढच्या बाजूला, रेनकोट सर्वांत वर. दोन बाटल्या दोन बाजूंच्या खिशांत, आणि पाणी दोन्हींतून आळीपाळीने प्यायचं, नाहीतर दुपारपर्यंत सॅक एका खांद्यावर कलते. स्टीलची रिकामी बाटली पाव किलोच्या आसपास भरते. पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली काही ग्रॅमची. (ती परत घरी आणायची, टाक्यात सोडायची नाही.)

भरलेली सॅक जमिनीवर ठेवली की स्वतःहून उभी राहिली पाहिजे. मध्येच वाकली तर पुन्हा भरावी. आणि हे एकदाच करून भागत नाही. खाणं संपतं, पाणी संपतं, सॅक सैल पडते. प्रत्येक मोठ्या थांब्यावर बाजूचे आवळपट्टे ओढावे लागतात.

पाठीला मॅट चिकटलेली असल्याने हवा खेळत नाही आणि घामाने पाठ भिजते, हा या सॅकचा न टळणारा दोष. कोकणाच्या दमट हवेत तो जास्तच जाणवतो. त्याच्या बदल्यात एक फायदा इथल्या लोकांना लगेच पटेल. गर्दीच्या लोकलमध्ये ही सॅक पोटाशी धरता येते, रॅकवर सपाट दाबून बसते आणि दुसऱ्याच्या तोंडाला तिची सळी लागत नाही.

मोठ्या ट्रेकआधी तीन-चार रविवार भरलेली सॅक घेऊन चालून बघावं. कात्रपकरांना कोंडेश्वरचा रस्ता त्यासाठी सोयीचा आहे. पावसाळ्यात तिथल्या कुंडात उतरायचं मात्र नाही, तिथे माणसं बुडाली आहेत.

परत आल्यावर सॅक साध्या पाण्याने धुऊन घामाचं मीठ काढावं आणि सावलीत वाळवावी. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये. ओलसर सॅक पावसाळाभर कपाटात दुमडून राहिली की आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि मग तो पापुद्र्यासारखा सुटतो. तो थर एकदा सुटला की सॅकमध्ये पाणी शिरतंच. सिलिकॉनचा थर असलेल्या कापडाला हा त्रास होत नाही, पण त्याच्या शिवणींवर साधी टेप चिकटत नाही, सिलिकॉनचंच सीलर लावावं लागतं. ते मे महिन्यात लावून एक दिवस वाळू द्यावं.