तळटीप : मायक्रोसिस्टिनची तपासणी
मायक्रोसिस्टिन हे नील-हरित शैवालांच्या (वस्तुतः हे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू होत) काही जाती तयार करीत असलेले यकृतघातक विष असून, त्याच्या सात अमिनो आम्लांच्या वलयाकार साखळीतील घटक बदलत असल्याने त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आढळतात, आणि तपासणीतील बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नये असा आदेश निघाला, तेव्हा ईरी सरोवरातून येणाऱ्या त्या पाण्यासाठी वापरलेली चाचणी ‘एलायझा’, म्हणजे प्रतिपिंडांवर आधारलेली रंगचाचणी, होती. तिच्यातील प्रतिपिंड बहुतेक प्रकारांत सामाईक असलेला ‘अ‍ॅडा’ हा घटक ओळखतो आणि विष जितके अधिक तितका रंग फिका पडतो, त्यामुळे एकूण प्रमाण काही तासांत कळले तरी प्रकार मात्र कळत नाही. तो हवा असल्यास द्रव-वर्णलेखनाने घटक वेगळे करून वस्तुमान-वर्णपटमापकाने त्यांची ओळख पटवतात. ही पद्धत अचूक खरी, पण ज्यांचे प्रमाणित नमुने प्रयोगशाळेकडे असतील तेवढेच प्रकार तिला नेमके मोजता येतात. दोन्ही पद्धतींची भिस्त शेवटी नमुन्यावरच असते : विष प्लॅस्टिकला चिकटत असल्याने बाटली काचेची लागते, नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने लगेच निष्प्रभ करावे लागते, आणि पेशींतील विष बाहेर यावे म्हणून नमुना तीनदा गोठवून वितळवतात. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. — संपा.