सोयाबीनचा विमा आणि हिशोब तपासणारा



विम्याचा अर्ज भरायला ताडकळसला गेलो होतो. लाईनीत एका म्हाताऱ्या बाबानं विचारलं, "आपण भरतो ते ठीक, पण सरकार कंपनीला किती देतं, आन् ते कोण तपासतं?" कुणालाच उत्तर आलं नाही. मलाही नाही. मग घरी येऊन जुने अहवाल वाचत बसलो. हाती लागलं ते लिहितो.

सरकारी पैसा तपासणारी मोठी यंत्रणा म्हणजे कॅग, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. घटनेच्या कलम 148 ते 151 मध्ये हे पद आहे. केंद्राचा अहवाल संसदेपुढं जातो, राज्याचा विधिमंडळापुढं. पुढची चौकशी लोकलेखा समिती करते. या सगळ्या साखळीत शेतकरी कुठं येतो? बहुतेक वेळा कुठंच नाही. पण एकदा आला होता.

2008 ची कर्जमाफी आठवते ना? दोन हेक्टरपर्यंतवाल्यांना पूर्ण माफी, मोठ्यांना 25 टक्के सूट. कॅगनं 25 राज्यांतली 90,576 खाती तपासली आणि मार्च 2013 मध्ये अहवाल संसदेत आला. माफी नाकारलेली 9,334 खाती बघितली, तर 1,257 जण पात्र असूनही वगळलेले निघाले. उलट, लाभ मिळालेल्या 80,299 खात्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र. कर्ज माफ झाल्याचा दाखला दिल्याचा पुरावा तर 34 टक्क्यांहून जास्त खात्यांत सापडलाच नाही. दाखला नाही म्हणजे नवं कर्ज मागायला गेलं की जुनं पुन्हा पुढं येणार. हे दुखणं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण आपण सांगितलं की तक्रार होते आणि लेखापरीक्षकानं सांगितलं की नोंद होते. फरक एवढाच, पण लई मोठा.

आता विमा. जुन्या पीक विमा योजनांवरचा कॅगचा अहवाल जुलै 2017 मध्ये संसदेत मांडला गेला. तपासलेल्या नऊ राज्यांत महाराष्ट्रही होता. विचारलेल्या शेतकऱ्यांपैकी 67 टक्क्यांना योजनाच माहीत नव्हत्या. विमा काढलेल्या शेतकऱ्यांची नीट माहिती सरकारी दप्तरात नव्हती. आणि मुख्य गोष्ट ही की खासगी विमा कंपन्यांना एवढा सरकारी पैसा जातो, तो बरोबर वापरला का हे कॅगनं तपासण्याची सोयच योजनेत नव्हती.

तारीख बघा. जुलै 2017. तेव्हा आपल्या परभणी जिल्ह्यात त्याच खरिपाचं सोयाबीन रानात उभं होतं. ते वाया गेलं. विम्याची रक्कम आली ती बघून लोक रस्त्यावर उतरले, 2018 मध्ये परभणीत आंदोलनं झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी हिशोब मांडला: शेतकऱ्यांनी भरले 19.2 कोटी, केंद्र आणि राज्य प्रत्येकी 77 कोटी, मिळून 173 कोटी. वाटप 30 कोटी. उरले 143 कोटी. हे त्यांचे आकडे, लेखापरीक्षणाचा निकाल नव्हे. अन् माझं म्हणणं तेच आहे. आपल्या जिल्ह्याचा हिशोब सभेतल्या भाषणातून कळावा लागला, कारण कंपनीची वही उघडून बघायचा रस्ता सरकारच्या तपासनीसाला मोकळा नव्हता.

वही म्हणजे तरी काय? भरपाई ठरते ती बऱ्याच अंशी पीक कापणी प्रयोगांवर. ठरवून दिलेल्या भागातल्या काही शेतांतला उतारा मोजायचा, सरासरी काढायची आणि ती उंबरठा उत्पादनापेक्षा किती कमी आली ते बघायचं. तुमचं रान पार झोपलं असलं तरी सरासरी चांगली आली तर हातात काही नाही. म्हणजे प्रयोग कुठं झाला, कुणी मोजला, वजन काय लिहिलं, यावर बरंच काही. हे मुंबईत बसून तपासता येत नाही, गावात येऊनच तपासावं लागतं.

गावात हिशोब कसा तपासायचा, याचा नमुना आपल्याकडं आहे. 2005 च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कलम 17 होतं: कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेनं करायचं, हजेरीपट, बिलं, मोजमाप वह्या ग्रामपंचायतीनं पुढं ठेवायच्या. सगळीकडं नीट झालं असं नाही. पण मजुराला हजेरीपट बघायचा हक्क मिळाला. विमा भरणाऱ्याला कापणी प्रयोगाचा तक्ता बघायचा तसा हक्क का नसावा?

पुढं 2023 पासून एक रुपयात विमा आला, बोगस अर्ज निघाले आणि 2025 मध्ये योजना बदलावी लागली. गावातल्या चावडीवर यादी वाचून दाखवली असती तर कुणाच्या नावावर कुणाची जमीन घुसवली हे अर्ध्या तासात कळलं असतं. गाव सगळं ओळखतं, पण त्याला विचारतं कोण?

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. आपल्या मंडळात कापणी प्रयोग कोणत्या गावात, कोणत्या तारखेला आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, आणि त्या दिवशी चार जण शेतावर हजर राहा. दुसरं, विमा घेतलेल्यांची आणि भरपाईची यादी ग्रामसभेत वाचायचा ठराव मांडा. नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. ठराव आणि अर्ज, दोन्हीची पोच जपून ठेवा. उद्या लेखापरीक्षक आलाच, तर त्याला दाखवायला आपल्याकडं कागद पाहिजे.

त्या बाबाला उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून एवढं लिहिलं. बाकी शेंगा भरायला लागल्या आहेत, पाऊस बेतानं पडो.