रोज सकाळी आपण एका डोंगराळ बेटावर उतरतो

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे सरळ केलंय.

सुरुवात झाली आमच्या ग्रुपवरच्या एका मेसेजने. "यंदा मे महिन्यात क्रेटला जाऊया." क्रेट म्हणजे भूमध्य समुद्रातलं ग्रीसचं बेट. जवळपास २६० किलोमीटर लांब आणि मधोमध डोंगरांची रांग. सगळ्यात उंच शिखर २,४५६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही आठशे मीटरने जास्त. तिथली सामारिया नावाची घळ १६ किलोमीटर चालत उतरायची आणि शेवटी थेट समुद्रात पाय बुडवायचे. दिवसभर चालणं, सायकल, पोहणं. फोटो पाहून सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि नियोजन माझ्या गळ्यात पडलं. बीटेक झालेला, सॉफ्टवेअरवाला, एक्सेल उघडणारच!

एक्सेल उघडलं. विमान, व्हिसा, राहणं, खाणं. बेरीज आली तशी ग्रुपवर शांतता पसरली. व्हिसाच्या तारखाही मिळेनात. तेव्हा कोणीतरी लिहिलं, "अरे, मग इथलंच एखादं बेट बघ ना."

मी उमरोळीचा. सकाळची लोकल पकडतो, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा करत विरारला आणि तिथून पुढे गोरेगावला ऑफिसात. नायगाव सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर येते, मध्ये पाणजू बेट दिसतं आणि पुढच्या मिनिटाला भाईंदर. त्या दिवशी पुलावर नेमकं रेंज गेलं म्हणून मान वर केली आणि डोक्यात प्रकाश पडला. भाईंदरपासून पुढची सगळी जमीन मुळात बेटच आहे की! उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला समुद्र. नाव साष्टी. सासष्ट गावांचं बेट, म्हणून साष्टी असं सांगतात. मधोमध डोंगर, सर्वांत उंच जागा सुमारे ४६८ मीटर. पाच वर्षं मी रोज एका डोंगराळ बेटावर उतरतोय, आणि मला ते माहीतच नव्हतं.

बेट हरवलं कुठे? पुलांखाली. १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, मुंबई आणि वांद्रे जोडले गेले. १८६४ साली गुजरातकडून येणारी रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईत पोचली. होडीत बसावं लागत होतं तोवर बेट हे बेट होतं. पूल झाला की पाणी फक्त खिडकीतून दिसतं.

आता या बेटावर सहलीला येणारे आपण पहिले नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभरहून जास्त. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झाली आणि पुढे कित्येक शतकं काम चालू राहिलं. दान देणाऱ्यांत कल्याणचे, सोपाऱ्याचे लोक होते. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा! आणि ९० नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीत काही नावं कोरलेली आहेत. ती आहेत पारशी पाहुण्यांची. लेणी बघायला आले, तारीख टाकली, कोण कोण आलं त्यांची यादी लिहिली. वर्षं इ. स. १००९ आणि १०२१. म्हणजे आपल्या ग्रुप फोटोचा हजार वर्षांपूर्वीचा अवतार. (तुम्ही मात्र भिंतीवर काही लिहू नका, प्लीज.)

यातली मला भिडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या तारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आहेत. पाऊस संपलेला, झरे वाहते, ऊन सोसण्यासारखं. त्यांनी मे निवडला नव्हता.

हे मला का भिडलं, ते सांगतो. मागच्या वर्षी मे महिन्यात मी सात जणांना घेऊन आमच्याच भागातल्या एका गडावर गेलो होतो. नियोजन माझंच. निघायला दहा वाजले, पाणी प्रत्येकी एक लिटर. अर्ध्यावर एका मित्राला गरगरायला लागलं, घाम थांबला, बोलणं अडखळायला लागलं. आम्ही त्याला सावलीत ओढलं, उरलेलं पाणी अंगावर ओतलं. खालच्या पाड्यावरच्या एका मावशींनी हंडा भरून पाणी दिलं, म्हणून तो वाचला. माझ्या एक्सेलमध्ये टोल होता, नाश्ता होता. पाण्याचा कॉलम नव्हता.

कान्हेरीत तो कॉलम दगडात कोरलाय. लेण्यालेण्याशेजारी पाण्याची पोढी, आणि वरच्या कातळावरून पावसाचं पाणी पोढीत आणणारे पन्हळ. आधी पाण्याची सोय, मग मुक्काम. कित्येक पोढ्यांत आजही पाणी असतं.

याच बेटावरची दुसरी गोष्ट नियोजनाचीच आहे. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षांनी, मार्च १७३७च्या अखेरीस, मराठे रात्रीच्या अंधारात साष्टीत उतरले आणि ठाणे घेतलं. ठाण्याच्या किल्ल्याचं बांधकाम तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखे स्थानिक लोक मदतीला होते. पण वसई मात्र हाती लागली नाही. मार्चनंतर पाऊस येईपर्यंत दिवस तरी किती उरतात?

दुसऱ्या वेळी चिमाजीअप्पांनी क्रम बदलला. १७३९च्या सुरुवातीला आधी आमच्या पट्ट्यातली ठाणी घेतली. माहीम (आपलं केळवे-माहीम), तारापूर, अशेरी. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव पडले. मग वसईच्या समोरच्या किनाऱ्यावरचा धारावीचा किल्ला घेऊन खाडीचं तोंड बांधलं. शेवटी वसई. मे १७३९मध्ये, पाऊस यायच्या आत, वसई शरण आली. म्हणजे डहाणू लोकलच्या पट्ट्यातली ठाणी एकेक करत मोहीम दक्षिणेला सरकली. उन्हाळ्यात काम पुरं करायचं तर तयारी थंडीत सुरू करावी लागते.

पुढे १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली.

सांगायचं म्हणजे, क्रेटमध्येही वेगळं नाही. तिथे ऊन फार वाढलं की सामारियाची घळच बंद करतात. तिकीट काढलंय, सुट्टी घेतलीय, याला डोंगर विचारत नाही.

तर आमचा यंदाचा प्लॅन असा. मे महिन्यात फक्त एक सकाळ. उद्यानाचं गेट उघडताना हजर (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा), तिथून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर चालत, दहाच्या आत पोढ्या बघून सावलीत. प्रत्येकी तीन लिटर पाणी. कमी आणलं तर मागे फिरायचं, आणि हा नियम मलाही लागू. मोठी चाल अशेरीवर, नोव्हेंबरात, त्या पारशी पाहुण्यांच्या मुहूर्तावर. क्रेटसाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला पडतायत.

गरगरलेला मित्र यंदा येईल की नाही, मला खात्री नव्हती. एक्सेलची लिंक पाठवली. त्याने दुसरं काही न लिहिता पहिल्या कॉलमला हिरवा रंग दिला. तो पाण्याचा होता.

उद्या नायगाव सुटलं की मोबाईल खिशात ठेवा आणि खाली बघा. बेट येतंय.